फॉरमॅट मारण्याआधी

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की मायक्रोसॉफ्ट विंडोजची त्या महिन्याची सुरक्षा-अपडेट्स सोडते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. ऑक्टोबर २००३ पासून हा शिरस्ता चालू आहे. त्याचे परिणाम आपल्याला दिसतात ते बुधवारी. सकाळी ऑफिस उघडावं तर कुणाचा प्रिंटर हलत नाही, कुणाचा आवाज गेलाय, कुणाची स्क्रीन निळी, आणि एखादा कॉम्प्युटर अर्धा तास ‘बंद करू नका’ एवढंच सांगत बसलाय. मग दुरुस्तीवाल्याला फोन जातो आणि तिकडून बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर येतं, ‘‘आणून ठेवा, फॉरमॅट मारून देतो.’’

फॉरमॅट मारल्यावर कॉम्प्युटर चालू होतो, हे खरं. पण काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. टॅलीचं लायसन्स, छपाईचे फॉन्ट, डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड हे सगळं पुन्हा जागेवर बसायला दिवस जातात. आणि मूळ कारण मशीनमध्येच असेल तर पुढच्या महिन्यात तोच बुधवार पुन्हा येतो. फॉरमॅट ही दुरुस्तीवाल्याची सोय आहे, ग्राहकाची नव्हे. दुरुस्तीवाल्याला अमुक वेळात संपणारं काम हवं असतं, आणि चौकशी किती वेळ चालेल हे कुणालाच आधी सांगता येत नाही. मात्र अपडेटनंतरच्या तक्रारींत चौकशीलाच खरी किंमत आहे. गेल्या काही वर्षांत गाजलेली प्रकरणं ओळीने पाहिली तर त्यांतल्या बहुतेकांत फॉरमॅटची गरज नव्हती. काहींत तर फॉरमॅटनेच कायमचं नुकसान झालं असतं.

आधी हे अपडेट नेमकं करतं काय, ते पाहू. विंडोजची अपडेट्स दोन जातींची असतात. महिन्याला येतं ते एकत्रित अपडेट: त्यात आधीच्या सगळ्या महिन्यांच्या दुरुस्त्याही असतात, त्यामुळे मधले दोन महिने चुकले तरी शेवटचं एक पुरतं. वर्षाकाठी येतं ते मोठं, आवृत्ती बदलणारं अपडेट. ते जवळजवळ नवी विंडोज बसवण्यासारखंच असतं. जुनी विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये सारून तिच्या जागी नवी मांडली जाते. दोन्हींत फायली आधी बाजूला तयार ठेवल्या जातात आणि रीस्टार्टच्या वेळी खऱ्या जागी जातात, कारण चालू असलेल्या सिस्टीमच्या फायली बदलता येत नाहीत.

पहिल्या दिवसाच्या बऱ्याच तक्रारींचा उलगडा इथेच होतो. अपडेट ‘झालं’ असं स्क्रीनवर आलं तरी मागची कामं संपलेली नसतात. शोधासाठीची अनुक्रमणिका नव्याने तयार होत असते, डॉट नेटच्या प्रोग्रॅम-लायब्रऱ्या पुन्हा संकलित होत असतात, आणि टास्क मॅनेजरमध्ये ‘टायवर्कर’ नावाची प्रक्रिया डिस्क शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवते. मशीनला एसएसडी असेल तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर दुपारपर्यंत माउससुद्धा अडखळतो. असा कॉम्प्युटर बिघडलेला नसतो. तो चालू ठेवून जेवायला जावं, एवढाच उपाय. एका दिवसानंतरही तीच स्थिती राहिली तर मग चौकशी सुरू करावी, आणि त्या चौकशीचं उत्तर बहुधा ‘हार्ड डिस्क काढा, एसएसडी टाका’ असंच निघतं.

दुसरा घोळ शट डाउनचा. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तिच्यामुळे शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तिथूनच उचलली जाते. रीस्टार्ट केलं तर मात्र सगळं मुळापासून सुरू होतं. ‘‘मी रोज रात्री बंद करतो, सकाळी चालू करतो, तरी वायफाय येत नाही,’’ असं सांगणाऱ्याला ‘एकदा रीस्टार्ट करा’ म्हटलं की तो दुखावतो. त्याला वाटतं, आपल्याला बावळट समजलं. पण तांत्रिकदृष्ट्या त्याने गेले कित्येक दिवस मशीन खरोखर बंदच केलेलं नसतं.

एवढं करूनही तक्रार उरली, तर खरा प्रश्न समोर येतो: हे अपडेटमुळे झालं, की अपडेटनंतर झालं एवढंच? ऑगस्ट २०२५ मध्ये यावर मोठा गदारोळ झाला. विंडोज ११ चं त्या महिन्याचं अपडेट टाकल्यावर मोठ्या फायली लिहिताना एसएसडी अचानक नाहीशा होतात, असे दाखले जपानमधून आले आणि जगभर पसरले. बोट फायसन या कंपनीच्या कंट्रोलर चिपकडे गेलं. फायसनने साडेचार हजारांहून अधिक तास चाचण्या केल्या. त्यांच्याकडे बिघाड उभाच राहिला नाही. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या तपासात अपडेटचा आणि त्या बिघाडांचा संबंध सापडला नाही असं जाहीर केलं. जगात रोज काही एसएसडी मरतातच, आणि ज्या आठवड्यात सगळ्यांनीच अपडेट टाकलेलं असतं त्या आठवड्यात मरणारी प्रत्येक एसएसडी ‘अपडेटनंतर’च मरते. पहिल्या पावसात छप्पर गळलं म्हणजे फट पावसाने पाडली असं होत नाही. अपडेट डिस्कवर भरपूर लिहितं, मशीन रीस्टार्ट करतं, प्रत्येक ड्रायव्हर नव्याने उठवतं. मरणपंथाला लागलेली डिस्क किंवा बॅटरी नेमकी त्याच वेळी उघडी पडते.

खरं-खोटं करायला विंडोजमध्येच साधन आहे, आणि ते फारसं कुणी उघडत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ एवढं टाइप केलं की तारखांचा एक तक्ता उघडतो: कोणत्या दिवशी कोणतं अपडेट बसलं, कोणता प्रोग्रॅम कोलमडला, कधी मशीन धाडकन बंद पडलं. लाल फुल्या अपडेटच्या तारखेच्या आधीपासून दिसत असतील तर अपडेट निर्दोष. त्यानंतरच सुरू झाल्या असतील तर सेटिंग्जमधल्या ‘अपडेट हिस्टरी’तून त्या अपडेटचा केबी क्रमांक घ्यायचा आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘रिलीज हेल्थ’ या पानावर तो पाहायचा. कंपनीने मान्य केलेले दोष तिथे आवृत्तीवार लिहिलेले असतात, उपायासकट.

मान्य केलेले दोष काही थोडे नाहीत. मार्च २०२१ च्या अपडेटनंतर क्योसेरा, रिको, झेब्रा अशा काही प्रिंटरांना प्रिंटचा हुकूम दिला की थेट निळी स्क्रीन यायची. काही दिवसांत वेगळी दुरुस्ती काढावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जे झालं त्याने मात्र आपल्याकडची छोटी ऑफिसं खरी हैराण केली, म्हणून ते सविस्तर सांगतो.

आपल्याकडच्या सीएच्या, वकिलाच्या, पतसंस्थेच्या ऑफिसात नेटवर्कचा स्वतंत्र प्रिंटर क्वचित असतो. एक लेझर प्रिंटर एका कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला, आणि तो ‘शेअर’ करून बाकीचे चौघे त्यावर प्रिंट काढतात. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर या चौघांना ११बी या अक्षरांनी संपणारा एरर येऊ लागला. कारण असं होतं की प्रिंटरशी होणाऱ्या संभाषणात एक सुरक्षा-छिद्र सापडलं होतं. त्याची दुरुस्ती जानेवारीत आली तेव्हा ऐच्छिक होती आणि सप्टेंबरपासून ती सक्तीची झाली. त्याच पावसाळ्यात ‘प्रिंटनाइटमेअर’ हे भोक उघडकीला आल्यामुळे ऑगस्टपासून प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला प्रशासकाचे अधिकार लागू लागले होते. म्हणजे दोन वेगवेगळी कुलपं एकामागोमाग बसली आणि ज्याचा प्रिंटर अडला त्याला दोन्ही एकच वाटली.

यावर व्हॉट्सअ‍ॅपवरून जो उपाय फिरला तो म्हणजे रजिस्ट्रीत एक नोंद शून्य करायची. प्रिंट निघायची, पण ती नोंद म्हणजे नवं सुरक्षा-कुलूप काढून ठेवणंच होतं, आणि ती नोंद कित्येक मशीनवर अजून तशीच पडून असणार. दुसरे काही जण अपडेटच काढून टाकत. पुढच्या महिन्यात ते परत येई. बरा उपाय कंटाळवाणा होता: प्रिंटर जोडलेलं मशीन आणि बाकीची मशीन, सगळी एकाच महिन्याच्या अपडेटपर्यंत आणायची, प्रत्येकावर कंपनीचा मूळ ड्रायव्हर प्रशासक होऊन टाकायचा, आणि तरीही जमलं नाही तर प्रिंटर ‘लोकल पोर्ट’ म्हणून जोडून त्यात शेअरचा पत्ता लिहायचा. नवा प्रिंटर घ्यायची वेळ आली की लॅन किंवा वायफायचा घ्यावा, म्हणजे हा सगळा प्रपंचच टळतो. फॉरमॅटने या प्रकरणात काडीचाही उपयोग नव्हता, कारण नवी विंडोज टाकून अपडेट केली की तोच एरर हजर.

जानेवारी २०२४ चं प्रकरण वेगळ्या अर्थाने बोलकं आहे. विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ नावाचं अपडेट आलं आणि असंख्य मशीनवर ते बसेचना. दर वेळी ८००७०६४३ हा कोड. त्या कोडचा अर्थ ‘बसवताना गंभीर चूक झाली’ एवढाच ढोबळ. खरं कारण असं की डिस्कवर विंडोजचं एक छोटं, लपलेलं रिकव्हरी पार्टिशन असतं, आणि या अपडेटला तिथे २५० एमबी मोकळी जागा हवी होती. ती जुन्या मशीनवर नव्हती. पार्टिशनचं माप विंडोज बसवताना मायक्रोसॉफ्टच्याच प्रोग्रॅमने ठरवलेलं, आणि ते वाढवायचं काम मात्र वापरणाऱ्याच्या गळ्यात! कंपनीने कमांड प्रॉम्प्टमधून पार्टिशन पाडून पुन्हा बांधायची कृती प्रसिद्ध केली आणि पुढे स्पष्टच सांगितलं की आपोआप होणारी दुरुस्ती मिळणार नाही. माझं मत विचाराल तर घरच्या माणसाने ती कृती करण्याच्या भानगडीत पडू नये. डिस्कची विभागणी हाताने बदलताना एक अंक चुकला तर सगळा डेटा जातो. ते अपडेट विंडोजच्या बिटलॉकर या एन्क्रिप्शनच्या सोयीने कुलूपबंद केलेल्या डिस्कच्या संरक्षणासाठी होतं. ज्याच्या मशीनवर बिटलॉकर चालूच नाही त्याला तो एरर दुर्लक्षून चालण्यासारखं होतं. प्रत्येक लाल अक्षर दुरुस्त केलंच पाहिजे असं नाही.

डेटा गेल्याचा भास आणि खरंच गेलेला डेटा यांतला फरक समजण्यासाठी आणखी दोन दाखले जवळजवळ ठेवून पाहावेत. फेब्रुवारी २०२० च्या एका अपडेटनंतर काहींचा डेस्कटॉप सकाळी कोरा निघाला. फायली गेल्या, सेटिंग गेली, स्टार्ट मेनू नवाकोरा. प्रत्यक्षात विंडोजने त्या माणसाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आत घेतलं होतं; त्याचं खरं घर ‘युजर्स’ फोल्डरमध्येच नावापुढे ‘.०००’ किंवा ‘.बीएके’ असं शेपूट लागून सुरक्षित होतं. दोन-चार रीस्टार्टनंतर पुष्कळांना ते परत मिळालं. त्या सकाळी ज्यांनी ‘आता काय उरलंय’ म्हणून फॉरमॅट मारलं असेल, त्यांनी शाबूत असलेला डेटा स्वतःच्या हाताने पुसला. त्याआधी, २ ऑक्टोबर २०१८ ला आलेलं विंडोज १० चं मोठं अपडेट मात्र खरोखर फायली खात होतं. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखी फोल्डरं दुसऱ्या ड्राइव्हवर वळवली होती पण काही फायली जुन्या जागीच ठेवल्या होत्या, त्यांची ती जुनी जागा अपडेटने रिकामी समजून पुसून टाकली. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ते मागे घेतलं आणि १३ नोव्हेंबरला पुन्हा सोडलं. ज्यांचं नुकसान झालं त्यांना कंपनीचा सल्ला होता, मशीन शक्य तितकं कमी वापरा. पुसलेली फाइल डिस्कवर तोवर असते, जोवर तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जात नाही. फॉरमॅट करून नवी विंडोज टाकणं म्हणजे नेमकं तेच लिहिणं.

मशीन सुरूच होत नसेल तर घाबरायचं कारण जास्त आणि करायच्या गोष्टी कमी असतात. सुरू होताना लागोपाठ अपयश आलं की विंडोज आपणहून निळ्या रंगाचं दुरुस्तीचं पान उघडतं. न उघडलं तर लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद केलं की उघडतं. तिथे ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ हा पर्याय आहे, आणि महिन्याचं अपडेट की मोठं अपडेट, हेही निवडता येतं. मोठं अपडेट मागे घ्यायला दहा दिवसांची मुदत असते. तेवढेच दिवस ‘विंडोज.ओल्ड’ जिवंत ठेवलं जातं. ती मुदत आधीच कमांड देऊन साठ दिवसांपर्यंत वाढवता येते. डिस्क भरली म्हणून कुणी उत्साहाने ‘विंडोज.ओल्ड’ साफ केलं, की परतीचा रस्ता बंद.

या पानाचाही घात एकदा अपडेटनेच केला. ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या अपडेटनंतर दुरुस्तीच्या पानावर यूएसबीचा कीबोर्ड आणि माउस चालेनात. म्हणजे आग लागल्यावर वापरायचं दारच आतून बंद. काही दिवसांत, २० ऑक्टोबरला, तातडीची दुरुस्ती आली. पण ती बसवायला मशीन सुरू व्हायला हवं, ही मेख होतीच.

आणि बिटलॉकर. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केलं की डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ताही नसतो. एरवी ते कुलूप दिसत नाही. पण बूट होण्याच्या साखळीत काही बदललं, बायोस अपडेट झालं किंवा जुलै २०२४ च्या विंडोज अपडेटसारखं एखादं सदोष अपडेट आलं, की निळ्या पानावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. किल्ली असते ती ज्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात. आपल्याकडे कित्येकदा दुकानदारच ‘सेटअप करून’ लॅपटॉप हातात देतो, कधी स्वतःच्या, कधी त्याच वेळी बनवलेल्या आणि मग विसरलेल्या ईमेलवरून. त्या माणसाला किल्ली कुठे शोधायची? कुठलाही दुरुस्तीवाला हे कुलूप फोडू शकत नाही. इथे फॉरमॅट होऊ शकतं, डेटा मिळत नाही. आज मशीन धड चालू आहे तोवर खात्यात जाऊन ती किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवणं, हे या सगळ्या लेखातलं सर्वांत स्वस्त काम आहे.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार इथे आठवल्याशिवाय राहत नाही. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर गेली. ती ७८ मिनिटांत मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली होती. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. ते विंडोजचं अपडेट नव्हतंच. पण दोष अनेकांनी आधी मायक्रोसॉफ्टला दिला, आणि उपाय होता तो सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसण्याचा. बिटलॉकर असलेल्या मशीनवर तेवढ्यासाठीही आधी ती ४८ आकडी किल्ली हवीच होती. रात्रीतून मशीनमध्ये शिरणारी प्रत्येक गोष्ट विंडोजची नसते. अँटिव्हायरस, ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, लॅपटॉप कंपनीचं ‘असिस्टंट’ सगळेच आपापलं काही ना काही आणत असतात.

ड्रायव्हरची गोष्ट थोडक्यात. आवाज, वायफाय, डिस्प्ले, टचपॅड यांतलं एकच काही गेलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ पाहावं. तिथे नसेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. ‘ड्रायव्हर बूस्टर’ छापाचे फुकट प्रोग्रॅम चुकूनही नकोत. दोष विशिष्ट सुट्या भागाचा आहे हे मायक्रोसॉफ्टला आधीच कळलं असेल तर तसल्या मशीनना अपडेट दिलंच जात नाही. २०२४ च्या विंडोज ११ च्या मोठ्या अपडेटच्या वेळी वेस्टर्न डिजिटलच्या काही दोन टीबी एसएसडीवर निळी स्क्रीन येत होती, तेव्हा त्यांचं अपडेट असंच रोखलं होतं. शेजाऱ्याला आलं, मला का नाही, म्हणून जबरदस्तीने ते उतरवून घेणारे लोक स्वतःहून खड्ड्यात जातात.

अपडेट बसतच नसेल तर आधी सी ड्राइव्हवर जागा पाहावी. मोठ्या अपडेटला वीसेक जीबी तरी मोकळी हवीत, आणि आपल्याकडच्या १२८ जीबीच्या एसएसडीवर व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओच तेवढे असतात. जागा असूनही अडत असेल तर प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डिझम आणि मग एसएफसी हे दोन प्रोग्रॅम चालवतात. क्रम महत्त्वाचा आहे: एसएफसी बिघडलेल्या फायली ज्या कोठारातून बदलते ते कोठारच डिझम दुरुस्त करतं. उलट क्रमाने केलं तर सडक्या साठ्यातून माल आणून बदलल्यासारखं होतं. त्यानेही भागलं नाही, तर विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘रिकव्हरी’खाली ‘विंडोज अपडेट वापरून दुरुस्ती’ असा पर्याय आता आहे. तो सध्याचीच विंडोज पुन्हा बसवतो. फायली, प्रोग्रॅम, सेटिंग जिथल्या तिथे. विंडोज १० वर हेच काम आयएसओ फाइल उतरवून तिच्यातला सेटअप चालू विंडोजमधून सुरू केल्याने होतं. फॉरमॅटचे बहुतेक सगळे फायदे याने मिळतात आणि तोटे जवळजवळ एकही नाही. दुकानात हा पर्याय सहसा सुचवला जात नाही. आपण तो नाव घेऊन मागावा.

मराठीत काम करणाऱ्यांच्या काही तक्रारी इंग्रजी मदत-पानांवर सापडत नाहीत. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे देवनागरी फॉन्ट मूळ संचात नसतात. निर्मला यूआय तेवढा असतो. सात किंवा आठवरून वर आलेल्या किंवा नव्याने बसवलेल्या मशीनवर जुनी मंगलमधली पत्रं वेगळ्याच वळणाची दिसतात, ओळी सरकतात, अर्जाचा नमुना दुसऱ्या पानावर जातो. भाषा म्हणून मराठी जोडली, किंवा ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरीचा पूरक फॉन्टसंच घेतला, की प्रश्न मिटतो. टायपिंग अडलं तर मराठीचा कीबोर्ड काढून, रीस्टार्ट करून, पुन्हा जोडावा. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, त्यामुळे त्याआधीची जुनी टायपिंगची साधनं आता सोडून द्यायला हरकत नाही.

डीटीपीवाल्यांचं दुखणं याहून जुनाट. श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं यूएसबीच्या डोंगलवर चालत आली. विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटेग्रिटी’ नावाचं संरक्षण चालू असलं की जुन्या घडणीचे ड्रायव्हर लोड होऊ दिले जात नाहीत. डोंगल लावलेला असूनही सॉफ्टवेअर त्याला ओळखत नाही. विंडोज सिक्युरिटीत ‘कोअर आयसोलेशन’ उघडलं तर कोणता ड्रायव्हर अडवला त्याचं नाव दिसतं. संरक्षण बंद केलं की काम सुरू होतं, पण त्याच मशीनवर ईमेल आणि बँकेचे व्यवहारही होत असतील तर ते धोक्याचं. डोंगलचा नवा ड्रायव्हर विक्रेत्याकडून मागावा. न मिळाल्यास जुनं मशीन इंटरनेटशिवाय फक्त त्या कामासाठी ठेवावं. डिजिटल सहीवाल्यांनाही ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटने असाच हिसका दिला. स्मार्ट कार्डातल्या किल्ल्या हाताळायची जुनी पद्धत मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी मोडीत काढली आणि काही ३२ बिट प्रोग्रॅमांत सही होईना. इथे दोष कुणाचा म्हणायचा? जुन्या पद्धतीवर बसून राहिलेल्या सॉफ्टवेअर कंपनीचाही तेवढाच.

मॅकवाल्यांनी हसायचं कारण नाही. २०२० मध्ये मॅकची बिग सर ही आवृत्ती टाकताना २०१३-१४ च्या काही मॅकबुक प्रोंच्या स्क्रीन काळ्या पडल्या, आणि २०२१ मध्ये माँटेरे या आवृत्तीच्या वेळी टी२ चिपची काही मशीन सुरूच होईनात. लिनक्सवाल्यांचं काय? ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्याच अपडेटने एका मशीनवर दोन्ही सिस्टीम ठेवणाऱ्यांचं लिनक्स बूट होणं बंद केलं. त्याची पक्की दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडलं.

हे सगळं वाचून ‘मग अपडेट बंदच करून टाकू’ असं म्हणणारे पुष्कळ. तसं करून देणारेही पुष्कळ. चोरीची विंडोज टाकून वर अपडेटची सेवा बंद करणं हा काही दुकानांचा नित्याचा पाठ आहे. त्यांनी २०१७ साल आठवावं. ज्या छिद्रातून १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. मधले दोन महिने ज्यांनी ते टाकलं नाही ते सापडले. २७ जूनला नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने तेच छिद्र वापरलं आणि मर्स्क हा जहाजवाहतुकीचा समूह कोलमडला, तेव्हा न्हावाशेव्यातल्या जेएनपीटीच्या एका टर्मिनलवर कंटेनर अडकून पडले. गंमत अशी, की नॉटपेट्या युक्रेनमध्ये शिरला तो एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. दोन्ही बाजूंनी वाद घालणाऱ्यांना पुरेल असा पुरावा एकाच दिवशी!

मधला रस्ता विंडोजच देते. सेटिंग्जमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. ऑफिसातल्या एका मशीनवर बुधवारी येऊ द्यावं आणि बाकीच्यांवर पुढच्या आठवड्यात. महिनाअखेरीला येणारी ‘प्रीव्ह्यू’ अपडेट्स ऐच्छिक असतात, ती घेऊ नयेत. जीएसटीच्या आणि आयकराच्या शेवटच्या तारखांच्या आठवड्यात तर कुठलंच नको. काही दोष मायक्रोसॉफ्ट नवं अपडेट न देता दूरवरून फक्त तेवढा बदल उलटवूनही मिटवते. घरच्या मशीनवर तो पोचायला चोवीस तासांपर्यंत लागतात, आणि रीस्टार्ट केलं तर लवकर लागू होतो. म्हणूनही बुधवारी बिघडलेलं काही जण गुरुवारी न सांगता सुधारलेलं पाहतात, आणि श्रेय हनुमानाला जातं.

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केलेल्या घरगुती मशीनना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अपडेट्स मिळतात. टीपीएम या सुरक्षा-चिपची अट चुकवून ज्यांनी जुन्या मशीनवर विंडोज ११ चढवली आहे त्यांना प्रत्येक मोठ्या अपडेटला धाकधूक राहणार. २०२४ च्या आवृत्तीपासून काही फार जुन्या प्रोसेसरांवर ती सुरूच होत नाही. आणि नवं दुखणं दाराशी आहे ते सिक्युअर बूटचं. बूट होताना विंडोजची सही ज्या २०११ च्या प्रमाणपत्रांनी तपासली जाते त्यांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते, शेवटचं ऑक्टोबरमध्ये. त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रं अपडेटमधूनच येतात. ती न आलेलं मशीन बंद पडणार नाही, पण बूटच्या टप्प्याला पुढच्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार नाहीत. काही मशीनना त्याआधी कंपनीचं बायोस अपडेट लागेल. ते करताना लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा, मध्ये वीज जाणार नाही अशी वेळ निवडावी, आणि बिटलॉकरची किल्ली त्याआधी कागदावर आलेली असावी.